बग्गीच्या फॉर्मवर घरचा माणूस

आमच्याकडे बग्गी म्हणजे नवरदेवाची. दोन पांढरे घोडे, लाल मखमल आणि पुढे बँड. त्यामुळे डॉक्टरकाकांनी एका सकाळी चहा पिता पिता "मी बग्गी घेतोय" असं जाहीर केलं, तेव्हा मी कपबशी खाली ठेवून काकूंकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" काकू म्हणाल्या. "त्यांनाच विचार, या वयात वरात कुणाची काढताय म्हणून."

ही बग्गी वेगळी निघाली. बॅटरीवर चालणारी, छोट्या चार चाकांची, वर छप्पर आणि मागे गोल्फच्या काठ्यांची पिशवी बांधायला जागा. गोल्फचं मैदान म्हणजे डोंगरउतारासारखं पसरलेलं गवत. ज्यांना तेवढं चालणं झेपत नाही ते बग्गीतून हिंडतात. काकांचे दोन्ही गुडघे गेले होते. इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या सरकारी हॉस्पिटलात ते भूल देणारे डॉक्टर होते. रिटायर झाल्यावर एवढा एकच नाद उरला होता, आणि तोही गुडघ्यांनी काढून घ्यायचं ठरवलेलं. क्लबवाले म्हणाले, स्वतःची बग्गी आणा, आमची हरकत नाही, पण आधी इन्शुरन्सचा कागद दाखवा आणि मग बग्गी.

चालवणार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मीच चालवणार. काकांचा उजवा पाय ब्रेकवर वेळेवर पडेलच असं काही सांगता येत नव्हतं.

मी कोण, ते इथेच सांगून टाकतो. मी सांगलीचा. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि टेंपोवर क्लीनर म्हणून चढलो तो ड्रायव्हर होऊनच उतरलो. पुढे डॉक्टरकाकांचं सांगलीतलं घर सांभाळायचं काम मिळालं. ते दोघं वर्षातून एकदा यायचे. चार वर्षं बंद घराची झाडलोट, बाग, पाण्याची मोटर हे सगळं मी बघितलं. मग काकूंना तिकडे हाताखाली माणूस हवा झाला आणि काकांनी मला व्हिसा काढून नेलं. पासपोर्टात शिक्का बसला, घरगुती नोकर. दरवर्षी तो वाढवून घ्यावा लागे. त्यासाठी एकदा काका स्वतः माझ्याबरोबर क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात येऊन सकाळपासून दुपारपर्यंत रांगेत बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. मला इथलं लायसन्स मिळावं म्हणून एल लावलेल्या गाडीत महिनाभर शेजारी बसले. पेपर वाचायला शिकवलं, शाळेतल्या पोरांची असते तसली जाडी डिक्शनरी आणून दिली. हे सगळं मी विसरलेलो नाही. पुढचं वाचताना तुम्हीही विसरू नका, कारण पुढे मी जसा वागलो त्यात हे कुठे दिसणार नाही.

इन्शुरन्सवाला माणूस आला तो शनिवारी सकाळी. कंपनीचा नव्हे, मधला. गावातल्या दुकानावर त्यांचं छोटं ऑफिस होतं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी हे लोक काढून द्यायचे. तरुण होता, चकचकीत टाय, बूट घालूनच गालिच्यावर आला. काकूंनी चिवडा पुढे ठेवला तर बशी मांडीवरच घेऊन बसला. मला ते खटकलं. जो माणूस दुसऱ्याच्या घरी पहिल्याच भेटीत चिवड्याची बशी मांडीवर घेतो, तो काहीतरी घेऊनच उठणार, असं मनात आलं.

त्यानं तीन पत्रकं मांडली. पहिल्यात फक्त दुसऱ्याचं नुकसान, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो ते. दुसऱ्यात त्याशिवाय चोरी आणि आग. तिसऱ्यात सगळंच, आपली बग्गी आपल्याच चुकीनं मोडली तरी भरपाई, शेजारी बसलेल्याला लागलं तरी भरपाई. तिसऱ्या पत्रकावर एक म्हातारा-म्हातारी बग्गीत बसून हसत होते. इतकं हसायला झालं काय होतं, कोण जाणे.

"थर्ड पार्टी करून टाका काका," मी मराठीत म्हणालो. "कागद दाखवण्यापुरता. सगळे तेच करतात."

"सगळे म्हणजे सांगलीतले," काका म्हणाले. "इथे कुणाच्या पायावरून चाक गेलं ना, तर तो माणूस आधी सॉरी म्हणतो आणि मग वकिलाकडे जातो. मी हॉस्पिटलात बघितलंय. कव्हर प्रॉपर पाहिजे."

मग मलाही राहवेना. मी टेंपोवाला, इन्शुरन्सच्या कागदानं एकदा भाजलेला. मी एकेक विचारायला लागलो आणि काका त्याचं इंग्लिश करून द्यायला लागले. बग्गी चार्जिंगला लावलेली असताना वायर जळून आग लागली तर ती बग्गीच्या विम्यात की घराच्या? काकांचे मित्र शेजारी बसले आणि वळणावर पडले तर ते दुसरे धरायचे की आपले? चोरी झाली तर कुलूप होतं हे सिद्ध कोण करणार? त्या माणसानं चिवडा खायचं थांबवलं आणि लिहून घ्यायला लागला.

शेवटी मी विचारलं, आपल्या मागच्या फाटकापासून क्लबच्या फाटकापर्यंत मध्ये जी गल्ली आहे, ती कुणाची?

"क्लबचीच असणार," काका म्हणाले.

"असणार म्हणजे?"

त्या माणसानं बाहेर जाऊन फोन लावला. परत आला तो हसत नव्हता. गल्ली कौन्सिलची, इथल्या नगरपालिकेची निघाली. म्हणजे सार्वजनिक रस्ता. बारा पावलांचा असला तरी रस्ता तो रस्ता. तो ओलांडायचा तर बग्गीला नंबरप्लेट पाहिजे, रस्त्यावरच्या गाडीचा वेगळा विमा पाहिजे. तसं नसताना गल्लीत काही झालं असतं तर तिन्ही पत्रकं घेऊन बसलो असतो. तेव्हा ठरलं की बग्गी घरी आणायचीच नाही. क्लबच्याच कुलूपबंद शेडमध्ये ठेवायची, तिथेच चार्ज करायची. पॉलिसी मात्र तिसरी, सगळं येणारी.

"तुमचा ड्रायव्हर हुशार आहे," तो माणूस काकांना म्हणाला.

काकांना ते लागलं. माझ्या वतीनं लागलं. त्यांचा चेहराच बदलला. "ड्रायव्हर?" ते म्हणाले. "ही इज फॅमिली. आमच्या घरचाच आहे तो."

"फारच छान," म्हणत त्या माणसानं फॉर्मवर एका चौकोनात खूण केली. काकांनी खाली सही केली.

मी कपबशा उचलून आत गेलो. नळ सोडला आणि उगाचच बराच वेळ कप धूत उभा राहिलो. आई गेल्यापासून कुणी मला घरचा म्हटलं नव्हतं. त्या चौकोनाचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. गल्ली कुणाची ते मी विचारलं होतं, पण मी कुणाचा ते विचारायचं सुचलं नाही.

उन्हाळा चांगला गेला. हिरव्या रंगाची बग्गी, आवाज नाही, धूर नाही. काका शेजारी बसून मला या खेळातलं समजावून सांगायचे आणि मी मान डोलवायचो. ते चेंडू मारायला उतरले की मी हँडब्रेक ओढून बसायचो. क्लबातले लोक मला "मॉर्निंग" म्हणायचे. का म्हणतात हे कोडं मला सुटलं नाही, पण मीही म्हणायचो.

मैदानाच्या मधून एक पायवाट जाते. इथली पद्धतच अशी आहे. जागा कुणाचीही असो, लोकांची जुनी पायवाट असेल तर ती बंद करता येत नाही. कुत्री फिरवणाऱ्या बायका, म्हातारे, कुणीही तिथून जातो. ऑक्टोबरात पानं पडायला लागली. एका सकाळी उतारावरून खाली येताना ओल्या पानांवर बग्गी घसरली. ब्रेक दाबलेला होता, चाकं थांबलेली होती, पण बग्गी मात्र चालली होती, तिरकी, सावकाश, सरळ पायवाटेवरच्या एका बाईकडे. बाई साठीची असेल. कुत्रा एकीकडे ओढतोय, ती दुसरीकडे. बग्गी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिला धक्का लागला नाही. पण मागे सरताना ती गवतावर बसली, उजव्या हातावर भार देऊन.

काका गुडघे विसरून उतरले. तिचं मनगट हातात घेऊन वळवून बघितलं, बोटं हलवायला लावली. "मोडलं नाही," म्हणाले.

"काही झालेलं नाही," बाई उठून स्कर्ट झटकत म्हणाली. "बघू उद्या सकाळी कसं वाटतंय ते." मग बग्गीकडे बघून हसली. "विमा आहे ना याचा?"

"फुल्ली कव्हर्ड," काका म्हणाले.

ती गेली. काकांनी पुढचा चेंडूसुद्धा मारला. मी मात्र "बघू उद्या सकाळी" यात अडकून पडलो. सांगलीत बाईनं आरडाओरडा केला असता, चार माणसं जमली असती, माझी कॉलर धरली असती आणि तासाभरात मिटलंही असतं. इथे भांडण तोंडानं होत नाही, पोस्टानं होतं. दारातल्या फटीतून पाकीट पडतं आणि तुम्हाला कळतं की हसणारं माणूस तीन आठवडे रागावलेलं होतं.

मग मी पाकिटांवर पाळत ठेवायला लागलो. पोस्टमन नऊच्या सुमारास यायचा. मी पॅसेजमध्ये काहीतरी पुसत उभा. पत्त्यापुरती खिडकी असलेलं पाकीट, लांबट पाकीट, हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट. काकू म्हणाल्या, "त्या दाराचं पितळ झिजेल आता. कुणाच्या पत्राची वाट बघतोयस? लग्नबिग्न ठरवलंस की काय गुपचूप?"

सात-आठ दिवस काहीच आलं नाही. त्यानं जास्तच भीती वाटायला लागली. म्हणून एका दुपारी, काका-काकू वर आडवे झाले असताना, मी ड्रॉवरमधून पॉलिसी काढली. आमचा कागद नीट आहे की नाही ते आपणच बघावं म्हटलं. इस्त्रीच्या टेबलावर पॉलिसी पसरली, शेजारी डिक्शनरी उघडली आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचायला लागलो.

चोरी ठीक, आग ठीक. मग आलं, चालवणार कोण. विमा घेणारा स्वतः, आणि त्याच्या घरात कायम राहणारे कुटुंबातले लोक. कुटुंब म्हणजे काय तेही पुढे दिलं होतं, रक्ताचं किंवा लग्नाचं नातं. त्याखाली आणखी एक ओळ. पगारी माणूस चालवणार असेल तर कंपनीला आधी कळवलं पाहिजे आणि कंपनीनं मान्य केलं पाहिजे, नाहीतर कंपनी जबाबदार नाही.

मी परत वाचलं. डिक्शनरीतले शब्द परत बघितले. मग वर जाऊन ट्रंकेतला पासपोर्ट आणला आणि शिक्क्याचं पान उघडून पॉलिसीशेजारी ठेवलं. एका कागदावर मी घरचा माणूस, दुसऱ्यावर घरगुती नोकर. दोन्ही काकांच्याच सहीनं झालेलं. हे दोन कागद कुणी टेबलावर असे शेजारी ठेवले तर? त्या बाईच्या वकिलानं ठेवले तर? क्रॉयडनच्या खिडकीतल्या माणसानं ठेवले तर? कुणीतरी खोटं बोललंय असंच तो म्हणणार, आणि दोघांपैकी परत पाठवायला सोपा कोण, हे मला सांगायला नको.

सांगलीचं आता सांगावंच लागेल. मी हळदीच्या एका व्यापाऱ्याचा टेंपो चालवत होतो. बाजाराजवळ एक सायकलवाला आडवा आला, पाय मोडला त्याचा. टेंपोचा विमा संपलेला होता, मालकानं भरलाच नव्हता. फौजदारापुढे मालक उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा माझ्याकडे कामाला नाही, साहेब. ओळखीचा आहे नुसता. टेंपो मागून घेऊन गेला." तीन वर्षं मी त्याच्याकडे होतो. दोन दिवस चौकीच्या बाकावर काढले. शेवटी सायकलवाल्याच्या भावानंच सांगितलं की सायकलला ब्रेक नव्हता, तेव्हा सोडलं.

इस्त्रीच्या टेबलापाशी उभा असताना मला तोच मालक आठवला. आणि मनात आलं ते लिहायला लाज वाटते, पण आलं होतं. काकांना हे माहीत नसेल का? एवढा शिकलेला माणूस, न वाचता सही करेल? घरचा म्हटलं की हप्ता कमी पडत असेल. घरचा म्हटलं की उद्या "मला काय माहीत" म्हणता येत असेल. ज्या शब्दानं मी नळ सोडून उभा राहिलो होतो, तोच शब्द मी उलटसुलट करून बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुधाचं निमित्त करून चौकातल्या लाल फोनबॉक्समध्ये गेलो. मोबाइल होता माझ्याकडे, पण त्याचं बिल काकांच्या नावानं यायचं, नंबरांसकट. इन्शुरन्सच्या ऑफिसात एका बाईनं उचललं.

"माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे," मी म्हणालो. इंग्लिश वाक्य रात्रीच पाठ केलं होतं.

"विचार की, डक," ती म्हणाली. डक म्हणजे बदक. नॉटिंगहॅमकडे अनोळखी माणसालाही लाडानं असंच म्हणतात. मला सवय होती, पण त्या दिवशी तेही संशयास्पद वाटलं.

"मित्र एका घरी राहतो. त्यांची बग्गी चालवतो. फॉर्मवर त्याला कुटुंबातला लिहिलंय."

"मग आहे का तो कुटुंबातला?"

"ते म्हणतात तसं."

"रक्ताचं नातं?"

"नाही."

"घरातल्या कुणाशी लग्न झालंय त्याचं?"

"नाही, नाही!"

"पगार घेतो?"

"दर महिन्याला. वेळेवर."

"मग तो नोकर, डक. मित्राला म्हणावं, मालकांना सांग, आणि मालकांना म्हणावं, आम्हाला सांगा. काही व्हायच्या आत." मग तिनंच विचारलं, "ही डॉक्टरांची हिरवी बग्गी तर नाही ना?"

मी फोन ठेवला. नाणी परत पडली तीही घेतली नाहीत. अख्ख्या तालुक्यात हिरवी बग्गी असलेला भारतीय डॉक्टर एकच. ही बाई आता घरी फोन करणार. मी दूध न घेताच परत फिरलो. तिचा फोन पोचायच्या आधी मी पोचलो पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

काकू कोथिंबीर निवडत होत्या, काका पेपर वाचत होते. मी दारातच उभा राहून म्हणालो, "काका, बग्गीच्या कागदावर मला नोकर लिहा."

"दूध कुठाय?" काकू म्हणाल्या.

"काय लिहू?" काकांनी पेपर खाली केला.

मी सगळं सांगितलं. ओळ कुठल्या पानावर आहे तेही सांगितलं. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि पॉलिसी बाजूला सारली. "टेक्निकॅलिटी आहे रे ती. इतक्या वर्षांत मी तुला नोकर म्हणालो का कधी? कुणासमोर?"

"नाही."

"मग कुठल्या तोंडानं लिहू?"

"व्हिसाच्या कागदावर लिहिलंत की."

काकांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. मला थांबायला हवं होतं, पण मी सांगलीचा टेंपो सांगितला, मालक सांगितला, 'ओळखीचा आहे नुसता' सांगितलं. काकूंच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली.

"म्हणजे," काका हळू म्हणाले, "मी मुद्दाम केलं असं वाटलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. "एक दिवस वाटलं," मी म्हणालो. "काल."

काका उठले आणि जिन्यावरून वर गेले, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत. मी तिथेच उभा. काकू म्हणाल्या, "बोललास ते बरंच केलंस. त्यांचं असंच आहे. माझ्या सख्ख्या भावाला गेली तीस वर्षं परका धरतात, आणि तुला एका सहीत घरात घेतलं. बस आता. चहा टाक. आणि दूध आण आधी."

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. काका मैदानावर गेले नाहीत. मी बॅग भरून ठेवली नाही, पण ट्रंकेत काय काय आहे ते एकदा बघून ठेवलं. या माणसानं माझ्यासाठी रांगेत बसून गुडघे दुखवून घेतले आणि मी त्याला हळदीच्या व्यापाऱ्याच्या रांगेत बसवलं, हे कळत होतं. तरी कागद बदलला पाहिजे हेही कळत होतं. दोन्ही एकदम कळणं फार वाईट.

तिसऱ्या दिवशी काकांनी हाक मारली. मला समोर बसवून, माझ्यासमोर इन्शुरन्सच्या ऑफिसात फोन लावला. माझं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. मग म्हणाले, "एम्प्लॉयी. येस. पेड." पायवाटेवरच्या बाईचंही सांगितलं, काही न लपवता. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. फोन ठेवून काका म्हणाले, "आजपासून तू कव्हर्ड. हप्ता थोडा वाढेल. त्या दिवसाचं ते सांगत नाहीत. बाईनं क्लेम केला तर बघू म्हणतात."

"मग त्या दिवसाचं?"

"त्याचाच कागद करतोय." त्यांनी लेटरपॅड ओढलं आणि लिहायला लागले. वर इंग्लिशमध्ये, खाली मराठीत, मला वाचता यावं म्हणून. मराठी अक्षर शाळेतल्यासारखं झालं होतं, कित्येक वर्षांत लिहिलेलं नसणार. 'त्या दिवशी बग्गी हा माझ्या सांगण्यावरून, माझा नोकर म्हणून चालवत होता. फॉर्ममधली चूक माझी. जे काही पुढे येईल ते माझं, याचं नाही.' खाली सही. 'नोकर' या शब्दाच्या आधी काहीतरी लिहून खोडलं होतं. काय ते मी नंतर खिडकीशी धरून बघितलं, दिसलं नाही.

"ठेव तुझ्या ट्रंकेत," काका म्हणाले. "पासपोर्टाशेजारी."

मी हात पुढे करून तो कागद घेतला. "चहा ठेवू?" एवढंच म्हणालो.

नवी पॉलिसी आठवड्याभरात पोस्टानं आली. काकूंनी आपल्या पद्धतीनं ती देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, नोकर लिहिलेल्या ओळीवरच नेमका हळदीचा डाग पडला. मी त्याची फोटोकॉपी काढून घेतली.

शनिवारी शेडचं कुलूप काढून मी बग्गी बाहेर आणली. काका चढून बसले, काठ्यांची पिशवी बांधून झाली.

"चला ड्रायव्हर," काका म्हणाले.

पहिल्यांदाच म्हणाले. मी समोर बघत म्हणालो, "बसलात नीट, साहेब?"

"साहेब कुणाला म्हणतोस? कागद घरी आहे. इथे काका म्हण."

उतारावर पानं अजून होतीच. मी चालण्याच्याही कमी वेगानं बग्गी उतरवली आणि पायवाटेपाशी पूर्ण थांबवली, कारण लांबून ती बाई येताना दिसली होती. कुत्रा पुढे. जवळ आल्यावर तिनं आम्हाला ओळखलं आणि हात वर करून हलवला. काकांनीही हलवला. ती पलीकडे जाऊन झाडांआड होईपर्यंत मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"हात बघितलास?" काका समोर बघतच म्हणाले.

"बघितला. उजवा. पडली होती तोच."

"मनगट मोकळं हलत होतं," काका म्हणाले. "मीपण तेच बघत होतो."